स्वकष्टार्जित

"'…सदरहू घर व त्यास लागून असलेले दुकान ही मिळकत वडिलार्जित नसून माझी स्वकष्टार्जित आहे. तीत दुसऱ्या कोणाचाही हक्क, हिस्सा वा संबंध नाही…'"

रावजी कुळकर्णी वाचता वाचता थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी शरणप्पाकडे पाहिलं. "बरोबर ना?"

"बरोबर," शरणप्पा म्हणाला.

"हा शब्द महत्त्वाचा. वडिलार्जित असतं तर तुम्हाला मृत्युपत्र करताच आलं नसतं. उद्या तुमच्या पुतण्यांनी तोंड वर केलं, तर हा एक शब्द त्यांना पुरेल."

रावजी कोर्टाच्या आवारात दस्तऐवज लिहीत. आज मुद्दाम बाळीवेशीतल्या या घरी आले होते, कारण शरणप्पाला दम्यानं दहा पावलं चालवत नव्हतं. साक्षीदार म्हणून सुताचे व्यापारी सिद्धलिंगप्पा आले होते आणि शेजारचा शिवप्पा शिंपी. चौघं बाहेरच्या खोलीत जाजमावर बसले होते. मधे दार नव्हतं, नुसता पडदा होता. पडद्यापलीकडे मल्लव्वा भाकरी थापत होती. थप, थप, थप असा तो आवाज त्या घरात सकाळी सुरू होई तो दुपारपर्यंत. इतका सवयीचा की तो चालू आहे हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

"पुढं ऐका," रावजी म्हणाले. "'माझी पत्नी मल्लव्वा हिचा मी आजपावेतो सर्व प्रकारे प्रतिपाळ केला आहे. माझ्या पश्चात माझे चिरंजीव सोमलिंग यांनी सर्व मिळकतीचा मालकी हक्काने उपभोग घ्यावा, व आपल्या आईस अन्नवस्त्र आणि माजघरात राहण्यापुरती जागा द्यावी…'"

आत आवाज थांबला.

शरणप्पाच्या ध्यानात आला तो थांबल्यावर. त्यानं मान वर केली नाही. रावजी वाचतच होते, पण पुढचं त्याच्या कानांत शिरलंच नाही. तो वाट पाहत होता, आवाज पुन्हा सुरू होण्याची. भाकरी तव्यावर टाकायला गेली असेल, पीठ घ्यायला उठली असेल, असं तो मनाशी म्हणत होता. पण तेवढ्याला जेवढा वेळ लागतो तो केव्हाच होऊन गेला होता.

"झकास लिवलंय," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "न्हाईतर आमच्या साडूच्या घरी बघा. म्हातारा गेला आन दोघं भाऊ एकमेकांच्या उरावर. तुमी शाणपणा केला, शरणप्पा."

मल्लव्वा चहा घेऊन आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, मनगटाला पीठ. तिनं चारही कप खाली ठेवले.

"वैनी, नशीबवान हायसा," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "जित्तेपणी बायकोची सोय लावून ठिवणारा दादला कुटं मिळतो? ऐकलंत न्हवं आतनं?"

"ऐकलं की," मल्लव्वा म्हणाली. "त्यांचंच हाय सगळं."

आवाजात काहीच नव्हतं. राग नव्हता, रडं नव्हतं. ती आत गेली. रावजींनी टाक शाईत बुडवून शरणप्पाच्या हातात दिला आणि बोटानं जागा दाखवली. त्या क्षणी 'थांबा' म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हणायचं तर पुढं कारण सांगावं लागलं असतं, आणि समोर सिद्धलिंगप्पा बसले होते. त्यानं सही केली.

*

शरणप्पा तरुणपणी सुताच्या एका मोठ्या पेढीवर दिवाणजी होता. पांढरा रुमाल, काळा कोट, कानावर टाक. गिरणीचे लोकसुद्धा त्याला वाकून नमस्कार करत. मालक वारले, मुलांचं आपसांत पटलं नाही आणि पेढी बंद झाली. तेव्हा सोमलिंग पाळण्यात होता.

दुसरीकडे काम मिळालं नाही असं नव्हतं. गिरणीत सूत मोजायच्या खात्यात जागा होती. पण तिथं उभं राहून काम करायचं, भोंग्याला आत जायचं आणि भोंग्याला बाहेर पडायचं. "मी गादीवर बसनारा मानूस," शरणप्पा म्हणाला. तो रोज सकाळी रुमाल बांधून बाहेर पडायचा, ओळखीच्या पेढ्यांवर जाऊन बसायचा, भाव विचारायचा, पान खायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा. जेवण ताटात असायचं. ते कुठून येतं हे त्यानं बरेच दिवस विचारलं नाही. न विचारणं सोपं होतं.

मल्लव्वाचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं. तिच्या आईच्या हातची कडक भाकरी पंचक्रोशीत नावाजलेली. पापडासारखी पातळ, चुलीच्या धगीला उभी करून वाळवलेली, महिना महिना टिकणारी. मल्लव्वानं आधी शेजारणीला करून दिली, मग एका खानावळवाल्याला. मग गाडीवान येऊ लागले, कारण लांबच्या वाटेला या भाकरीसारखी शिदोरी नव्हती. जोडीला ती शेंगाची चटणी कुटू लागली. पुढं पुढं दर मंगळवारी टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जाऊन बसू लागली. पोराला पाठीशी बांधायची.

शरणप्पानं मंगळवारी त्या रस्त्यानं जायचं सोडलं.

पण एकदा जावं लागलं. सिद्धलिंगप्पांना गुलबर्ग्याला निघायचं होतं. स्टेशनाकडे जाता जाता ते बाजाराशी थांबले. "हितं एक बाई कडक भाकरी लई नामी देती म्हनत्यात. चला, घिऊ." शरणप्पाला काही सबब सुचायच्या आत ते दोघं टोपलीसमोर उभे होते.

मल्लव्वानं वर पाहिलं. आधी सिद्धलिंगप्पांकडे, मग नवऱ्याकडे. त्या काळात सिद्धलिंगप्पा घरी कधी आले नव्हते. त्यांनी तिला पाहिलेलं नव्हतं.

"शरणप्पा, तुमी बी घ्या की," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "वैनीस्नी दाखवा, म्हनावं अशी करा."

आणि शरणप्पा म्हणाला, "आमच्यात बायका असलं काय करीत न्हाईत."

तो हे का म्हणाला, ते त्याला कधीच उमजलं नाही. गप्प बसला असता तरी चाललं असतं. मल्लव्वाचा हात क्षणभर टोपलीवर थांबला. मग तिनं भाकऱ्या फडक्यात बांधून सिद्धलिंगप्पांच्या हातात दिल्या, चटणीची पुडी वर ठेवली आणि म्हणाली, "घ्या मालक. वाटंत मोडायच्या न्हाईत."

त्या रात्री ताट रोजच्यासारखंच वाढलेलं होतं. तिनं पोराला थोपटत एवढंच सांगितलं, "त्येंना दोन जास्ती घातल्या. तुमचे सोबती म्हनून."

त्याच्या घशाखाली घास उतरेना. पण तो उतरवलाच, कारण न जेवता उठला असता तर का ते बोलावं लागलं असतं.

पुढं मल्लव्वानं बाळीवेशीत जागा घेतली. आधी एक खोली बांधली, मग दुसरी, मग रस्त्याच्या अंगाला दुकान काढलं. खरेदीखताच्या वेळी कागद कुणाच्या नावानं करायचा, असा प्रश्न निघाला तेव्हा तीच म्हणाली होती, "बाईच्या नावानं कशाला? लोक इचारतील, दादला काय करतो." दुकानात लाकडी चौरंग टाकून त्यावर गादी घातली तीही तिनंच. शरणप्पा त्या गादीवर बसला. लोक त्याला शेट म्हणू लागले. कुणी भाकरीची तारीफ केली की मल्लव्वा पडद्याआडून म्हणायची, "मालकाचं दुकान हाय. आमी काय, सांगतील तसं करायचं."

वर्षं गेली. सोमलिंग मॅट्रिक झाला, पुण्याला टपालखात्यात लागला. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या गडबडीत दुकान बंद राहिलं तेवढंच, एरवी चूल कधी थंड पडली नाही. हळूहळू शरणप्पालाच वाटू लागलं की दुकान आपण काढलं. शंभर वेळा ऐकलेली गोष्ट खरी वाटायला लागते, तसं. सिद्धलिंगप्पा आता घरी येत-जात, वैनी म्हणत. त्यांना तो बाजार आठवतही नव्हता, आणि शरणप्पानंही तो विसरल्यासारखाच केला होता.

गेल्या दिवाळीला सोमलिंग आला तेव्हा बापाची छाती भात्यासारखी वाजताना त्यानं ऐकली. "अप्पा, कागद करून ठेवा," तो म्हणाला. "मागं घोळ नको." रावजींनी विचारलं, मिळकत कसली, आणि शरणप्पानं सहज सांगितलं, स्वकष्टार्जित. पत्नीचं काय लिहू, विचारलं तर म्हणाला, "तिचं काय, पोरगा बगंल की." बाकी रावजींनी नेहमीच्या पद्धतीनं लिहिलं. सगळ्यांचं लिहीत तसंच.

*

सही झाली त्या संध्याकाळी मल्लव्वानं ज्वारीच्या कण्या घातलेली आमटी केली होती, त्याला आवडायची तशी. तो जेवत होता. ती भिंतीला टेकून बसली होती.

"बोल की," शेवटी तोच म्हणाला.

"काय बोलू?"

"कागदाचं."

"कागद तुमचा. पोरगं आपलं. मला कोन घराभाईर काडतंय?" ती थोडी थांबली. "येक इचारू? त्या कुळकर्न्यास्नी सांगून येक वळ खोडता येती का?"

"कंची?"

"प्रतिपाळ केला म्हनून लिवलंय ती. घर, दुकान ऱ्हाऊ दे पोराच्या नावानं. त्येचं मला काय न्हाई." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पर तेवडं खोटं नगं. आपन मेल्यावर बी ती कागदात ऱ्हानार न्हवं? कुनीतरी वाचल, 'पोसली' म्हनून."

शरणप्पानं ताटाकडे पाहिलं. तिनं भांडण केलं असतं, बाजाराचा दिवस काढला असता, तर त्याला उलटून बोलता आलं असतं. पण ती इतकं थोडं मागत होती, की त्याला आपलंच तोंड कुठंतरी लपवावंसं वाटलं.

"सांगतो," तो पुटपुटला.

"जमलं तर. न्हाईतर ऱ्हाऊ दे." तिनं त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली.

*

दस्त नोंदवायला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जायचं होतं. शिवप्पानं टांगा आणला. सिद्धलिंगप्पा आपल्या छकड्यातून परस्पर आले. रावजी कागद घेऊन व्हरांड्यात उभेच होते. शरणप्पानं त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "त्यातली येक वळ काडायची हुती."

"आता?" रावजी म्हणाले. "सही झाली, साक्षी झाल्या. आता खाडाखोड दिसली तर साहेब नोंदवून घ्यायचा नाही. कुठली ओळ?"

"प्रतिपाळ केल्याची."

"अहो, ती तर नुसती पद्धत आहे. तिनं काही बिघडत नाही."

'बिघडत नाही' हे ऐकून शरणप्पाला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणूनच लगेच शरम वाटली. आपण विचारलं, जमलं नाही, असं घरी सांगता येईल. ती 'बरं' म्हणेल. तिनं आजवर दुसरं काय म्हटलंय?

पुकारा झाला. आत टेबलामागे तरुण सब-रजिस्ट्रार बसला होता. बाकावर खेड्यातली माणसं आपापल्या कागदांसाठी दाटीनं बसली होती. साहेबानं मृत्युपत्र भराभर चाळलं.

"शरणप्पा तुम्हीच?"

"व्हय साहेब."

"हा दस्त तुम्ही राजीखुशीनं लिहून दिलाय? वाचून दाखवलाय तुम्हाला? मजकूर मान्य आहे?"

रोज शंभर माणसांना विचारायचे ते प्रश्न. साहेबानं शिक्का उचललासुद्धा होता. शरणप्पाला दम लागला. तो टेबलाला धरून उभा राहिला आणि त्यानं स्वतःचा आवाज ऐकला.

"लिवून दिलाय मी. पर खरा न्हाई."

शिक्का हवेतच थांबला. "म्हणजे? कुणी जबरदस्ती केली?"

"न्हाई जी. कुनीच न्हाई. मीच सांगिटलं. पर त्यात माजं म्हनून लिवलंय ते माजं न्हाई. माज्या बायकोचं हाय. तिनं भाकऱ्या इकून केलंय. मी नुस्ता बसून खाल्लं."

बाकावरचं कुणीतरी हसलं. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. शिवप्पा जमिनीकडे बघू लागला. सब-रजिस्ट्रारनं कागद परत पुढं सारला. तो हसू आवरत होता की काय, ते कळत नव्हतं. "मग आजोबा, खरं काय आहे ते लिहून आणा. असं नोंदवता येत नाही."

बाहेर लिंबाखाली रावजींनी पुन्हा बैठक मारली. ते वैतागले होते, पण माणूस वाईट नव्हता. खालच्या आवाजात म्हणाले, "शरणप्पा, तुम्हाला बायकोला द्यायचंय ना? देऊ. 'प्रेमाखातर देत आहे' असं लिहितो. कारण लिहायची कायद्याला गरज नाही. उगाच स्वतःच्या हातानं स्वतःची अब्रू कशाला घालवता? उद्या वाद झाला तर हे चारचौघांत वाचलं जाईल."

"म्हनूनच लिवा."

"बरं. तिच्या हयातीपर्यंत म्हणू, मागून मुलाला. असंच करतात सगळे."

"न्हाई. कायमचं. तिला इकू दे, न्हाईतर धर्माला देऊ दे."

रावजींनी सुस्कारा सोडून नवा कागद घेतला. शरणप्पा सांगत गेला, दम लागला की थांबत गेला. टांगेवाले, पक्षकार, पाणी पाजणारा असे बरेच जण भोवती जमले होते. कुणी कुणाला हाकललं नाही. रावजींनी शेवटी मोठ्यानं वाचलं, कारण वाचून दाखवणं भागच होतं:

"'सदरहू मिळकत माझ्या नावावर असली तरी ती माझी पत्नी मल्लव्वा हिने भाकरी व चटणी करून विकून स्वकष्टाने मिळवलेली आहे. माझा व मुलाचा प्रतिपाळ तिनेच केला आहे. सबब माझ्या पश्चात सदर मिळकत तिने संपूर्ण मालकी हक्काने…'"

शरणप्पाचे कान तापले होते. मान खाली जात होती, ती तो प्रयत्नानं वर धरत होता. सिद्धलिंगप्पा समोरच होते. त्यांनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. सही करायची पाळी आली तेव्हा त्यांनी सही केली, टाक खाली ठेवला, आणि मग सावकाश विचारलं,

"मी गुलबर्ग्याला निघालो हुतो. मंगळवार बाजारात येक बाई बसली हुती. लई वर्सं झाली. ती वैनी हुत्या?"

"व्हय."

सिद्धलिंगप्पांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "मी तिच्याकडनं भाकरी घिऊन पैका हातावर टाकला. वरनं टाकला, हात लागाया नगं म्हनून." एवढं बोलून ते उठले. छकड्यात बसून निघून गेले. त्यानंतर ते बाळीवेशीतल्या घरी कधी आले नाहीत.

दुसऱ्यांदा आत गेल्यावर शिक्का बसला.

*

घरी आल्यावर शरणप्पानं सगळं सांगितलं. मल्लव्वा सूप हातात घेऊन उभी होती. ऐकता ऐकता तिनं सूप खाली ठेवलं. त्याला वाटलं होतं, ती रडेल. किंवा काहीच बोलणार नाही.

"सगळ्यांम्होरं?" ती म्हणाली.

"सगळ्यांम्होरं."

"सिद्धलिंगप्पा हुते?"

"हुते."

"अय्य शिवने!" ती मटकन खाली बसली. "मी येक वळ खोडा म्हनलं हुतं. येक वळ! तुमी सगळंच उगडं करून आलासा. आं? ल्येकराला पाठीशी बांधून उन्हात बसत हुते, तवा बी कुनाला कळू दिलं न्हाई, कुनाची कोन म्हनून. मालक, मालक म्हनून जीब झिजली. ते काय माज्यासाटी हुतं?" तिचा आवाज इतका वर गेलेला त्यानं कधी ऐकला नव्हता. "उद्या लोक गादीकडं बगून हसतील. मला न्हाई, तुमाला. ते मला बगवंल का?"

शरणप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसला. बसायलाही त्याला वेळ लागला.

"हसू दे," तो म्हणाला. "तेवडं तरी माज्या वाट्याला येऊ दे."

लोक हसलेच. सोलापुरात बातमी बाळीवेशीपासून सात रस्त्यापर्यंत जायला दिवस लागत नाही. दुकानासमोरून जाणारे मुद्दाम थांबून विचारू लागले, "काय शेट, शेटानी हायत का घरात?" पोरं 'भाकरीखाऊ' म्हणून पळायची. शरणप्पा पहिले काही दिवस गादीवर बसून ऐकत राहिला. मग एके सकाळी तो उठून आत गेला आणि मल्लव्वाच्या शेजारी बसून शेंगा सोलू लागला. दम्यामुळं कुटणं त्याच्यानं होत नव्हतं, फुफाट्याशेजारी बसवत नव्हतं. सोलणं तेवढं व्हायचं. गिऱ्हाइक आलं की मल्लव्वा बाहेर जाऊन देऊन यायची. गादी रिकामीच राहिली.

ते दोघं फारसं बोलत नसत. तिचा राग बरेच दिवस गेला नाही. पण एकदा तो खोकून खोकून आडवा झाला तेव्हा तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि फिरवता फिरवता म्हणाली, "फोलं लई ऱ्हात्यात हो तुमच्या हातनं. दिसत न्हाई का?" एवढंच.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधीच शरणप्पा गेला. थंडीचे दिवस होते, त्याला श्वास पुरला नाही.

*

दिवसकार्य उरकल्यावर रावजी येऊन मृत्युपत्राची नक्कल सोमलिंगच्या हातात देऊन गेले. सोमलिंगनं ती बाहेरच्या खोलीत उभ्या उभ्याच वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग ती घडी करून तो आत आला. मल्लव्वा चुलीपुढं बसली होती. कपाळ रिकामं, हात रिकामे. परात मात्र पुढ्यात होती.

"अव्वा, अप्पांनी हे काय लिहून ठेवलंय, तुला माहीत होतं?"

"व्हय."

"हे सरकारात नोंदलंय. कुणीही नक्कल काढून वाचू शकतं. मी पुण्याला सांगितलंय, वडिलांचं दुकान आहे म्हणून. माझ्या सासऱ्यांनी ते ऐकून मुलगी दिली." त्याचा चेहरा लाल झाला होता. "अप्पांनी जाता जाता घराची अब्रू घालवली."

"अब्रू त्येंची हुती," मल्लव्वा म्हणाली. "त्येंनी घालवली. तुजी हाय तशीच हाय."

 सोमलिंगनं आवाज खाली आणला. तो काही वाईट मुलगा नव्हता. आईशेजारी उकिडवा बसून तो म्हणाला, "तसं नाही ग. झालं ते झालं. आता तू इथं एकटी कशाला? पुण्याला चल. सून आहे, नातवंडं आहेत, तुला पाणीसुद्धा भरावं लागणार नाही. दुकान बंद करू. घर कुणाला तरी भाड्यानं देऊ, नाहीतर गिऱ्हाइक बघून विकून टाकू. मी शिवप्पाकाकांना सांगून ठेवतो."

"येईन की. नातवंडं बगाया येईन. चार दीस ऱ्हाईन."

"चार दिवस नाही, कायमचं. इथं राहून करणार काय? भाकऱ्याच थापत बसणार?"

"व्हय."

"लोक हसतात, अव्वा."

"हसून कटाळले आता."

"माझं ऐक. घराचं मी बघतो. तू त्यात पडू नको—"

"घर माजं हाय," मल्लव्वा म्हणाली.

बोलून गेली आणि तीच दचकली. सोमलिंगही बघत राहिला. साऱ्या जन्मात तिनं 'माजं' हा शब्द कशाला लावला नव्हता. माहेरचा दागिना मोडला तेव्हा तो 'घरचा' होता, दुकान 'मालकाचं' होतं, आणि हा पुढ्यात बसलेला मुलगाही चारचौघांत 'त्येंचा पोरगा' होता. तिला एकदम भयंकर लाज वाटली. भर रस्त्यात डोईवरचा पदर घसरावा तशी. तिनं पदर कपाळावर ओढून घेतला, पाठ फिरवली आणि चुलीत नसलेला धूर असल्यासारखं फुंकणीनं फुंकू लागली.

"हात धुऊन घे," ती तोंड न वळवता म्हणाली. "वाढते."

सोमलिंग मोरीकडे गेला. पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. आता आपलं कुणी ऐकत नाही अशी खात्री झाल्यावर मल्लव्वानं फुंकणी खाली ठेवली, आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, तो शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहिला.